मृत कर्मचाऱ्याचे पैसे आणि प्राप्तिकर: कोणती रक्कम कोणाच्या पॅनवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीत असताना माणूस गेला की कंपनी किंवा कार्यालय त्याच्या घरच्यांना जे पैसे देते, त्यांवरच्या प्राप्तिकराबाबत बडोद्यातल्या मराठी कुटुंबांत मोठा गोंधळ आहे, आणि इथल्या लेखा विभागांत तर त्याहून मोठा. कोयली, मकरपुरा, नंदेसरी या पट्ट्यात नोकरी करणारी घरे आपल्याकडे पुष्कळ. शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, सानुग्रह मदत आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतन असे सगळे थोड्याथोड्या अंतराने येते. बऱ्याचदा ते एकाच पगारपत्रकातून, मृताच्याच पॅनवर, सरसकट टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापून दिले जाते. मग जी रक्कम करपात्रच नाही तिच्यावर कर जातो, आणि जिच्यावर भरायला हवा तो राहून जाऊन पुढे व्याजासह मागणी येते. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

आधी या रकमांची तीन गटांत वाटणी नीट करावी. पहिला गट मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या पगाराचा; तो मृताचे उत्पन्न. तो हातात नंतर आला तरी मृताचेच उत्पन्न, कारण कलम १५ प्रमाणे पगार देय झाला की करपात्र होतो, मिळेपर्यंत थांबत नाही. १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचे विवरणपत्र कलम १५९ प्रमाणे वारसाने मृताच्या पॅनवर भरायचे. कर निघाला तर वारसाची जबाबदारी मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या खिशातून भरावा लागेल या भीतीने अनेक जण विवरणपत्रच भरत नाहीत, ते चूक आहे.

दुसऱ्या गटात येतात त्या वारसाला मिळणाऱ्या पण उत्पन्न न ठरणाऱ्या रकमा. सर्वाधिक चुका इथेच होतात. शिल्लक रजेचे पैसे वारसांना दिले तर ते पगार म्हणून करपात्र नाहीत, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ५ नोव्हेंबर १९६५च्या पत्रात आणि पुन्हा ३ जुलै १९८१च्या परिपत्रक क्र. ३०९ मध्ये सांगितले आहे. सेवेत असताना मरण पावलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नीला किंवा इतर वारसांना मालकाने सानुग्रह, नुकसानभरपाई म्हणून वा अन्य प्रकारे दिलेली एकरकमी रक्कम उत्पन्न म्हणून करपात्र नाही, असे २१ ऑगस्ट १९९०चे परिपत्रक क्र. ५७३ सांगते. ग्रॅच्युइटी पत्नी, मुले किंवा अवलंबितांना मिळाली तरी कलम १०(१०)ची सूट लागू राहते. सरकारी नोकरीत ती पूर्ण असते, खासगीत २० लाखांपर्यंत. मृत्यूच्या प्रकरणात पाच वर्षांच्या सेवेची अट नाही, हेही पुष्कळांना माहीत नसते. ग्रॅच्युइटी उशिरा दिल्याबद्दल व्याज मिळाले, तर ते व्याज मात्र घेणाऱ्याचे उत्पन्न.

चूक होते कुठे? पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फुल अँड फायनल’चा, म्हणजे अंतिम हिशेबाचा, जो साचा असतो तो राजीनामा आणि निवृत्ती डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. त्यात रजेचे पैसे टाकले की ते करपात्र पगारात बसतात, किंवा निवृत्तांसाठीची २५ लाखांची मर्यादा आणि दहा महिन्यांच्या सरासरीचा हिशेब लावून उरलेल्या रकमेवर कर निघतो. मृत्यूच्या प्रकरणात या मर्यादेचा प्रश्नच नाही. पण बाहेर पडण्याचे कारण म्हणून ‘मृत्यू’ निवडले तरी अनेक ठिकाणी मागचे गणित बदलत नाही, आणि कारकून संगणकाने काढलेला आकडा पुढे पाठवतो.

एक हिशेब करून दाखवतो. कर्मचारी १८ ऑक्टोबर २०२५ रोजी गेला, महिन्याचा पगार ८०,०००, त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ६०,०००, सेवा २१ वर्षे ७ महिने. एप्रिल ते सप्टेंबरचे ४,८०,००० आणि ऑक्टोबरच्या १८ दिवसांचे ४६,४५२ मिळून पगार ५,२६,४५२. त्यातून ७५,००० प्रमाणित वजावट. ही वजावट महिन्यांच्या प्रमाणात कमी होत नाही, पूर्ण मिळते. राहिले ४,५१,४५२. नव्या करप्रणालीत कलम ८७ए ची सवलत लागून कर शून्य. ग्रॅच्युइटी ६०,००० × १५ ÷ २६ × २२ म्हणजे ७,६१,५३८, पूर्ण करमुक्त. सहा महिन्यांवरचे सात महिने पूर्ण वर्ष धरले जातात, म्हणून २२. आता रजेचे २४० दिवसांचे ४,८०,००० आणि सानुग्रह १०,००,००० जर पगारात मिसळले, तर करपात्र उत्पन्न १९,३१,४५२ होते आणि उपकरासह कर निघतो सुमारे १ लाख ९४ हजार. घरातला कमावता माणूस गेलेला असताना, मुळात देणेच नसलेले हे पैसे कापले जातात. ते परत मिळतात, पण त्यासाठी वारसाने मृताच्या नावे विवरणपत्र भरून, रजेची व सानुग्रह रक्कम पगारातून वगळून, परिपत्रकांच्या आधारे परतावा मागावा लागतो. फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगार व टीडीएसचा दाखला) मधला पगार आणि विवरणपत्रातला पगार जुळत नसल्याने विचारणा होण्याची शक्यता राहते. म्हणून मालकाकडून टीडीएसचे दुरुस्ती विवरण भरून घेणे हाच पहिला मार्ग. ते नाहीच जमले, तर मालकाचे रकमांची फोड दाखवणारे पत्र हाताशी ठेवून परतावा मागावा.

मृत्यूच्या महिन्याचा पूर्ण पगार देण्याची चांगली पद्धत काही ठिकाणी आहे. त्यात मृत्यूनंतरच्या दिवसांचा भाग पगार नसतो, ती मदत असते. लेखा विभागाने ती वेगळ्या ओळीत दाखवावी.

राखून ठेवलेला बोनस किंवा प्रोत्साहन रक्कम जरा अवघड. मोठ्या कंपन्या आणि बँका वरच्या पदांवरच्यांचा काही मोबदला पुढच्या दोन-तीन वर्षांत हप्त्यांनी देतात, आणि कर्मचारी गेला तर उरलेले हप्ते लगेच वारसाला देय होतात अशी तरतूद योजनेत सहसा असते. ही रक्कम मृताने काम करून कमावलेली आहे. तिला परिपत्रक ५७३ च्या सानुग्रहात बसवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. योजनेप्रमाणे हक्क मृत्यूच्या दिवसापर्यंत पक्का झाला असेल तर ती मृताच्या शेवटच्या विवरणपत्रात पगार म्हणून दाखवावी. रक्कम द्यायची की नाही हे व्यवस्थापनाच्या मर्जीवर होते आणि त्यांनी मृत्यूनंतर ठराव करून दिली, तर गोष्ट निराळी. त्यासाठी योजनेचे कलम, देय झाल्याची तारीख आणि ठराव यांचा उल्लेख असलेले पत्र कंपनीकडून घ्यावेच. ‘बेनिफिट्स’ असा एकच शब्द आणि एक आकडा असलेल्या पत्राचा पुढे काही उपयोग होत नाही.

आता वर्षाचा पेच. माणूस फेब्रुवारीत गेला आणि पैसे जूनमध्ये मिळाले, तर टीडीएस पुढच्या आर्थिक वर्षात मृताच्या पॅनवर चढतो. त्या वर्षी मृत व्यक्तीचे उत्पन्न असू शकत नाही, म्हणजे त्या वर्षाचे तिचे विवरणपत्रही नीट भरता येत नाही. २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) मध्ये कर जमा दिसतो, पण मागायचा कुठे ते कळत नाही. यातून निघण्याच्या वाटा तीन आहेत. रक्कम करपात्र नसेल तर मालकाने कर कापायचाच नाही; कापला असेल तर ट्रेसेसवर (आयकर विभागाच्या टीडीएस पोर्टलवर) दुरुस्ती विवरण भरायचे. रक्कम वारसाचे उत्पन्न असेल तर नियम ३७बीए(२) प्रमाणे वारसाने मालकाला आधीच निवेदन द्यायचे. त्यात ‘मृत कर्मचाऱ्याचा मी कायदेशीर वारस असून पुढील रक्कम माझ्या हाती करपात्र आहे, तरी टीडीएस माझ्या नावे व माझ्या पॅनवर दाखवावा’ असा मजकूर, सोबत नाव, पत्ता, पॅन आणि कारण. रक्कम मृताच्या शेवटच्या वर्षाचे उत्पन्न असेल आणि कर नंतरच्या वर्षी कापला गेला असेल, तर ते उत्पन्न शेवटच्या विवरणपत्रात दाखवून, नंतर फॉर्म ७१ ऑनलाइन भरून त्या कराचे श्रेय मागता येते. ही सोय १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे. कर कापला गेला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. कर सल्ला देणाऱ्यांपैकीही अनेकांना हा फॉर्म ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

वेतनकराराची थकबाकी हा आपल्याकडच्या सार्वजनिक क्षेत्रातल्या कुटुंबांचा नेहमीचा प्रश्न. करार मृत्यूच्या आधी झाला असेल तर थकबाकी मृताचे उत्पन्न, आणि मागची रक्कम एकाच वर्षी आल्याने वाढणाऱ्या करावरची कलम ८९ ची सवलत फॉर्म १०ई भरून मिळते. फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी भरायचा, नाहीतर सवलत नाकारली जाते. करार मृत्यूनंतर झाला असेल तर देय होण्याची तारीखच मृत्यूनंतरची असते आणि ती रक्कम मृताच्या हाती करपात्र धरण्याला आधार कमकुवत होतो. कराराच्या तारखेची प्रत घरात असावी.

यापैकी काहीही करायचे तर आयकर विभागाच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंद आधी हवी. वारसाने स्वतःच्या पॅनने लॉगिन करून ‘ऑथराइज्ड पार्टनर्स’ मधल्या ‘रजिस्टर अॅज रिप्रेझेंटेटिव्ह’ मध्ये जायचे, नवी विनंती करायची आणि प्रकार ‘मृत (कायदेशीर वारस)’ निवडायचा. मृताचे पॅन कार्ड, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडायचा. पुरावा म्हणून न्यायालयाचे किंवा स्थानिक महसूल अधिकाऱ्याचे वारस प्रमाणपत्र, हयात कुटुंबीयांचा महसुली दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा दाखला, किंवा नॉमिनी वा संयुक्त खातेदाराचा तपशील देणारे बँकेचे सही-शिक्क्याचे पत्र चालते. गुजरातेत आपण तलाठ्याकडून पेढीनामा (वारसांची नावे असलेली वंशावळ) करून घेतो. तो करताना सगळी हयात मुले, लग्न झालेल्या मुलींसह, त्यात यायला हवीत. लेक सासरी गेली म्हणून नाव गाळले की पेढीनामा पुढे बँकेत आणि कार्यालयात दोन्हीकडे अडतो.

मराठी नावांची आणखी एक अडचण इथे येते. मृत्यूचा दाखला संगणकीय नोंदीतून निघतो. त्यात गुजरातीत लिहिलेले आडनाव, त्याचे इंग्रजी स्पेलिंग आणि पॅनवरचे स्पेलिंग यांत फरक पडतो, वडिलांच्या नावाला ‘राव’ किंवा ‘भाई’ जोडलेले असते. पोर्टलवरची विनंती नावातल्या फरकामुळे नाकारली गेली तर आठवडे जातात. रुग्णालय किंवा महानगरपालिकेकडे मृत्यूची माहिती देतानाच पॅन कार्ड समोर धरून स्पेलिंग लिहावे. नोंद झाल्यावर दुरुस्ती होते, पण वेळ लागतो.

विनंती मंजूर झाली की वारसाला आपल्याच लॉगिनमधून मृताच्या खात्यात जाता येते. विवरणपत्रात प्रतिनिधीमार्फत भरत असल्याच्या प्रश्नाला ‘होय’ उत्तर देऊन वारसाचे नाव, नाते, पॅन आणि पत्ता द्यायचा. मृताच्या जुन्या पासवर्डने आत शिरून, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी घेऊन, जणू तो हयात आहे अशा रीतीने विवरणपत्र भरण्याचा प्रकार सर्रास चालतो. ते सोपे वाटते, पण मृत्यूनंतरच्या तारखेची मृताच्या नावची पडताळणी खोटी ठरते आणि पुढे परतावा अडकला की हीच गोष्ट आड येते. पॅन-आधार जोडलेले नसेल तर वरच्या दराने, म्हणजे २० टक्क्यांनी, टीडीएस कापला जातो. ३१ मे २०२४ किंवा त्याआधी मृत्यू झालेल्यांच्या ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या व्यवहारांसाठी मंडळाने ५ ऑगस्ट २०२४च्या परिपत्रक क्र. ८/२०२४ ने यातून मोकळीक दिली आहे. अशा जुन्या व्यवहारावर मालक जास्त कर लावू पाहत असेल तर त्याला ते परिपत्रक दाखवावे.

परतावा ज्या खात्यात यायचा ते खाते घाईने बंद करू नये. संयुक्त खाते असेल तर परतावा जमा होईपर्यंत चालू ठेवावे. गोठवलेल्या किंवा बंद खात्यावर गेलेला परतावा परत फिरतो आणि मग पुन्हा विनंती, कधी रेसकोर्सच्या आयकर भवनात अर्ज, असा फेरा होतो. मृताचे पॅनही सगळे परतावे आल्यावरच परत करावे.

मृत्यूच्या तारखेनंतर जमा झालेले मुदतठेवीचे व्याज वारसांचे. बँक मात्र कळवले नाही तर वर्षभराचे व्याज मृताच्या पॅनवर दाखवत राहते. व्याजावर कर कापू नये म्हणून मृताने दिलेला फॉर्म १५एच तेव्हापासून निरुपयोगी. बँकेला दाखला देऊन ठेव वारसाच्या नावे करून घ्यावी, किंवा वर सांगितलेले ३७बीए(२) चे निवेदन द्यावे. दुसऱ्याच्या पॅनवर कापलेला कर स्वतःच्या विवरणपत्रात मागायचा असेल तर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो आणि टीडीएसच्या तक्त्यात मूळ पॅन द्यावा लागतो. एआयएस (पोर्टलवरचा वार्षिक माहिती तक्ता) मध्ये मृताच्या नावे दिसणाऱ्या अशा नोंदींवर ‘माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असा अभिप्राय नोंदवून ठेवावा.

भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पाच वर्षे पूर्ण झालेली नसली तरी मृत्यूमुळे करपात्र होत नाही, कारण सेवा संपणे कर्मचाऱ्याच्या हातात नव्हते. निधी, निवृत्तिवेतन आणि ठेवसंलग्न विमा या तिन्हींचा दावा मृत्यूसाठीच्या एकाच संयुक्त फॉर्ममध्ये करता येतो. विम्याची कमाल रक्कम ७ लाख आहे आणि ती मागायची राहून जाते, कारण तिचा उल्लेख पगारपत्रकात नसतो. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी एकरकमी रक्कम कलम ८०सीसीडी प्रमाणे नॉमिनीचे उत्पन्न धरली जात नाही. त्यातून वार्षिकी घेतली तर दरमहा येणारे पैसे मात्र करपात्र.

तिसरा गट कुटुंब निवृत्तिवेतनाचा. हा पगार नाही, ‘इतर स्रोतांचे उत्पन्न’ आहे. त्यामुळे ७५,००० ची प्रमाणित वजावट इथे मिळत नाही. रकमेच्या एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,०००, जुन्या प्रणालीत १५,०००, यांपैकी जी कमी तेवढीच वजावट. ते पगाराच्या रकान्यात भरून ७५,००० घेतले की एआयएसशी मेळ बसत नाही. त्यावर पगाराप्रमाणे टीडीएस होत नाही, म्हणून ज्या स्त्रीला स्वतःचा पगारही आहे तिने दोन्ही मिळून कर काढावा. टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा त्याहून अधिक राहत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो, नाहीतर व्याज लागते. साठ वर्षांवरच्या आणि धंद्याचे उत्पन्न नसलेल्यांना आगाऊ कराची सक्ती नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाची मागची थकबाकी एकदम आली तर तिच्यावरही कलम ८९ ची सवलत आहे. सैन्यात कर्तव्यावर वीरमरण आलेल्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला कलम १०(१९) ची पूर्ण सूट असते.

कलमांचे हे क्रमांक १९६१च्या कायद्याचे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तोच लागू आहे; १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवा कायदा आल्याने त्यापुढच्या प्रकरणांत क्रमांक आणि फॉर्म बदललेले दिसतील.

इथल्या मालकांना आणि लेखा विभागांना माझी कळकळीची विनंती आहे की मृत्यूच्या प्रकरणात पैसे देण्याआधी एक पानाचा तक्ता करावा. प्रत्येक रकमेचे नाव, कोणत्या नियमाखाली, देय झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, कोणाच्या पॅनवर, कर कापला की नाही आणि का, एवढेच रकाने पुरेत. हा तक्ता सही-शिक्क्यासह पहिल्या धनादेशाबरोबर द्यावा. कामगार संघटनांनी तो मागण्याचा आग्रह धरावा. आणि कुटुंबांनी हिशेबावर ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून सही करण्यापूर्वी हा तक्ता हातात घ्यावा, कारण तिमाहीचे टीडीएस विवरण भरले जाण्याआधी चूक दाखवली तर ती त्याच दिवशी सुधारता येते; नंतर तीच चूक सुधारायला दुरुस्ती विवरण, नवा फॉर्म १६ आणि पुन्हा पडताळणी लागते.

कळावे,
आपला,
एक करसल्लागार
दांडिया बाजार, बडोदे